बाजरीतलं लोह मोजून घ्या : राज्याच्या मुख्य सचिवांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन,
आणि त्यांच्यामार्फत कृषी, अन्न व नागरी पुरवठा, शालेय शिक्षण, महिला व बालविकास आणि आदिवासी विकास या विभागांचे सचिव यांना,

सविनय नमस्कार.

मी पारनेर तालुक्यातला. एकतीस वर्षं कृषी सहाय्यक म्हणून नोकरी केली, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो, आता घरची साडेचार एकर कोरडवाहू जमीन बघतो. माझी पत्नी अंगणवाडी सेविका आहे. आमच्या घरी संध्याकाळी दोन वह्या उघडतात. माझ्या वहीत बियाणं, खत, मजुरी आणि पोत्यांचा हिशोब असतो. तिच्या वहीत गावातल्या लेकरांची वजनं असतात. तिची नोंद आता मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये जाते, तरी ती वही ठेवतेच. या दोन वह्यांचा एकमेकींशी संबंध आहे, पण तो आपल्या कारभारात कुठेच नोंदला जात नाही. म्हणून पाच विभागांना मिळून एकच पत्र लिहितो आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळातले आकडे आपल्या टेबलावर असतीलच. महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. १५ ते ४९ वर्षांच्या बायकांमध्ये ते ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेलं. रक्तक्षयाला कारणं बरीच असतात. जंत असतात, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते, लागोपाठची बाळंतपणं असतात. पण लोहाची कमतरता हे त्यातलं मोठं कारण आहे, आणि हा आजार कळायला आमच्या गावात डॉक्टर लागत नाही. नववीतल्या मुली मैदानाला एक चक्कर मारून खाली बसतात. बाई म्हणते, "पायात गोळे येतात, जिना चढवत नाही." पत्नी गोळ्या देते, आशाताई गोळ्या देतात. काही जणी खातात. काही जणींना मळमळतं, पोट जड होतं, मग पुडी फळीवर पडून राहते. गोळी हवीच, ती बंद करा असं मी अजिबात म्हणत नाही. पण ती पुडी फळीवर पडलेली असते त्याच घरात रोज दोन वेळा भाकरी थापली जाते, आणि ती भाकरी कोणीही विसरत नाही.

त्या भाकरीविषयी मला बोलायचं आहे.

भारतात जास्त लोहाचं म्हणून प्रसारित झालेलं पहिलं पीक बाजरीचं आहे, आणि ते आधी आपल्या राज्यात आलं. त्याचं नाव धनशक्ती. २०१२ साली महाराष्ट्रासाठी ते प्रसारित झालं. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचं हे काम. त्याचं मूळ फार लांबचं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागात 'इनियादी' नावाची देशी बाजरी होते. तिच्यातून निवड करून आयसीटीपी ८२०३ हे वाण तयार झालं आणि १९८८ मध्ये ते आपल्याकडे आलं. आमच्या भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना ते चांगलं आठवतं. टपोरा राखाडी दाणा, लवकर येणारं, पाऊस दगा देऊ लागला तरी हाती काहीतरी देणारं. त्याच वाणातली जास्त लोहाची झाडं निवडत निवडत धनशक्ती उभं राहिलं. किलोमागे साधारण ७१ मिलिग्रॅम लोह, ४० मिलिग्रॅम जस्त, आणि ७५-७६ दिवसांत काढणी. हे सरळ वाण आहे, संकरित नाही. शेतकरी घरचं बियाणं राखू शकतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण गावोगावच्या बैठकांत तो मला दरवेळी भेटला. यात जनुक बाहेरून घालण्याचा प्रकार नाही. फिलिपिन्समध्ये ज्या जनुक बदललेल्या सोनेरी तांदळावरून न्यायालयापर्यंत भांडण गेलं, त्याची गोष्ट वेगळी. आपल्या आज्या चांगली कणसं बाजूला काढून पुढच्या सालासाठी टांगून ठेवत, त्याच पद्धतीने ही बाजरी झाली आहे. फरक इतकाच की निवडताना कणसाच्या लांबीबरोबर दाण्यातलं लोहही मोजलं.

धनशक्तीनंतर संशोधक थांबले नाहीत. २०१८ मध्ये धुळ्याच्या बाजरी संशोधन योजनेतून फुले महाशक्ती हा संकरित वाण आला. त्यात लोह ८७ मिलिग्रॅम. छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रातून एएचबी १२०० आणि एएचबी १२६९ आले, त्यातल्या दुसऱ्यात ९१ मिलिग्रॅम. रोजच्या प्रचलित वाणांत हेच प्रमाण ४५ ते ५० च्या आसपास असतं. तीनही संकरित वाण आपल्याच विद्यापीठांचे. त्याच २०१८ साली देशात नियम झाला की बाजरीच्या कुठल्याही नव्या वाणाला मान्यता हवी असेल, तर त्यात किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असलंच पाहिजे. पिकाच्या मान्यतेत पोषणाची किमान अट घालणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती केल्याबद्दल आपल्या शास्त्रज्ञांना माझा मनापासून नमस्कार.

आता माझ्या वहीतलं एक पान वाचून दाखवतो.

एका खरिपात मी दोन एकरांवर धनशक्ती पेरली. पीक चांगलं आलं, गोसावी रोग नावालाही नव्हता. शेजारच्या संकरितापेक्षा मात्र एकरी दीड-दोन पोती कमी भरली. घरापुरती ठेवून बाकीची बाजरी बाजार समितीत नेली. आडत्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि भाव सांगितला. मी म्हणालो, "यात लोह जास्त आहे." तो चांगला माणूस आहे, अनेक वर्षांची ओळख. तो म्हणाला, "तात्या, असेल. पण गिऱ्हाईक मला दाण्याचा रंग विचारतं, लोह कोणी विचारत नाही." माझी पोती त्याने इतरांच्या ढिगावर ओतली. एका क्षणात माझी धनशक्ती नुसती बाजरी झाली. त्या ढिगातून ती कुठे गेली, कोणाच्या पोटात गेली, देव जाणे. पुढच्या वर्षी मीही निम्म्या रानात जास्त उतारा देणारं वाण पेरलं. नोकरीत असताना ज्याने लोकांना हे वाण लावायला सांगितलं, त्यानेच. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

अडचण त्या आडत्यात नाही आणि शेतकऱ्यातही नाही. लोह डोळ्यांना दिसत नाही, ही खरी अडचण आहे.

ज्यांना ही अडचण आली नाही त्यांचं उदाहरण देतो. युगांडा आणि मोझांबिक या गरीब देशांत मुलांना अ जीवनसत्त्व मिळत नव्हतं. त्यामुळे रातांधळेपणा येतो, डोळा कायमचा जाऊ शकतो, साध्या गोवरातही मूल दगावतं. तिथे लोक पांढरं रताळं खात. २००७ ते २००९ या काळात सुमारे २४ हजार कुटुंबांना आतून केशरी असलेल्या रताळ्याचं बेणं दिलं गेलं. तो केशरी रंग बीटा कॅरोटीनचा, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं. आयांना एकच गोष्ट सांगायची होती, केशरी असेल ते लेकराला द्या. बाजारात ते वेगळं ओळखू येई, फसवणूक होत नसे, आणि मुलांच्या पोटात अ जीवनसत्त्व खरोखर वाढलं. या कामासाठी मारिया अँड्राडे, रॉबर्ट म्वांगा, जॅन लो आणि हॉवर्थ बूइस या चौघांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडेही भुवनेश्वरच्या केंद्रात तयार झालेलं 'भू सोना' नावाचं असं रताळं आहे, शंभर ग्रॅमला जवळपास १४ मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनचं. आषाढी, महाशिवरात्र, नवरात्र, प्रत्येक उपासाला महाराष्ट्रभर रताळी उकडली जातात. कोल्हापूरच्या आणि कोकणातल्या शेतकऱ्यांपर्यंत हे बेणं पोचवण्याचा विचार कृषी विभागाने जरूर करावा. पण तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

बाजरीला असा रंग नाही. सत्तर मिलिग्रॅमची आणि चाळीसची बाजरी शेजारी ठेवली तर मलाही सांगता येणार नाही. म्हणून ती मोजून, वेगळी ठेवून, वेगळा भाव देऊन घेणारं गिऱ्हाईक लागतं. असं गिऱ्हाईक या राज्यात एकच आहे, आणि ते म्हणजे शासन. शाळेत, आश्रमशाळेत, वसतिगृहात, अंगणवाडीत, रेशनवर रोज जेवढं धान्य शासन शिजवतं किंवा वाटतं, तेवढं कोणताही व्यापारी घेत नाही.

आज शासनाच्या हमीभाव केंद्रावर बाजरी नेली तर काय तपासतात? ओलावा, काडीकचरा, फुटका आणि किडका दाणा. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,७७५ रुपये होता, आणि तो लोह असलेल्या आणि नसलेल्या बाजरीला सारखाच. म्हणजे वाणाला मान्यता देताना शासन लोह मोजतं आणि तेच धान्य विकत घेताना मोजत नाही. माझी मुख्य मागणी या एका ठिकाणी आहे.

परिणाम होतो की नाही, हा प्रश्न आपण विचारालच. विचारायलाच हवा. याची चाचणी आमच्याच जिल्ह्यात झाली आहे, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगरमध्ये. निवासी शाळांतल्या १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी दिली. काहींना जास्त लोहाच्या बाजरीची, काहींना साध्या. सोबत त्याच पिठाची शेव. कोणाला कुठली हे मुलांना माहीत नव्हतं. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. चार महिन्यांतच साठ्यातलं लोह वाढलेलं दिसलं. सुरुवातीला ज्यांच्यात लोहाची कमतरता होती, त्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांत १.६४ पट होती. पुढच्या अभ्यासात त्याच मुलांचं लक्ष आणि स्मरणही सुधारलेलं आढळलं. बेळगावात दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात जास्त लोहाच्या बाजरीतून शरीरात शोषलं जाणारं लोह साध्या बाजरीच्या दुपटीहून अधिक निघालं.

दुसरी बाजू लपवणार नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत दीड वर्षापर्यंतच्या बाळांना नऊ महिने अशी बाजरी दिली, तेव्हा एकंदर मुलांच्या लोहात किंवा वाढीत म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून लोह कमी होतं, त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये काही सुधारणा दिसली. मला यात आश्चर्य वाटलं नाही. ते वय किती खातं? चार घास. अंगणवाडीच्या खाऊत लोहयुक्त बाजरी घालून टक्केवारी खाली येईल, असं मी म्हणणार नाही आणि कोणी म्हटलं तर आपण मान्य करू नये. भाकरी पोटभर खाणारं वय निवडायला हवं. वाढत्या वयाच्या मुली, पुढे आई होणाऱ्या मुली.

हिशोब साधा आहे. दिवसाला दीडशे ग्रॅम पीठ म्हणजे दोन मोठ्या भाकरी. साध्या बाजरीतून सात मिलिग्रॅम लोह मिळतं, महाशक्तीतून तेरा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे भाकरी बदलल्याने सगळी गरज भागत नाही, पण दिवसाचा पाचवा हिस्सा वाढतो. तोही जेवणाची चव, सवय, चूल, काहीच न बदलता. बाकीचं शेवग्याच्या पाल्यातून, डाळीतून, अंड्यातून, गोळीतून यायचं आहे. बाजरीत लोहाला अडवणारे घटकही असतात. म्हणून जेवणावर लिंबू पिळावं, भाकरीवर लगेच चहा घेऊ नये, आणि आपली जुनी आंबील परत आणावी, कारण पीठ आंबवलं की ती अडवणूक कमी होते. माझी पत्नी हे अंगणवाडीत मातांना सांगते आणि त्या ऐकतात, कारण यातली कुठलीच गोष्ट त्यांना परकी नाही.

आता नेमकं काय करावं हे सांगतो. एकतीस वर्षं बांधावर घालवल्यावर तेवढा हक्क मला असावा.

पहिलं पाऊल आश्रमशाळा आणि शासकीय वसतिगृहांत टाका. मुलं तिथे दोन्ही वेळचं जेवतात, वय चाचणीतल्या मुलांइतकंच, आणि स्वयंपाकघर एका ठिकाणी. नाशिक, धुळे, अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांचा आदिवासी पट्टा बाजरीच्या रानांना लागूनच आहे. सुरुवातीला मुलींचं हिमोग्लोबिन तपासा, वर्षाने पुन्हा तपासा, आणि आकडे जे येतील ते जाहीर करा.

धान्य मोजण्यासाठी क्ष-किरणांवर चालणारं यंत्र असतं. त्यात मूठभर दाणे ठेवले की काही मिनिटांत लोह आणि जस्ताचा आकडा येतो, दाणा दळावा लागत नाही, रसायन लागत नाही. राहुरी, धुळे आणि छत्रपती संभाजीनगर या तीन ठिकाणी खरेदीच्या काळात अशी तपासणी खुली करा. गाव, गट, नमुना, आकडा. ज्या धान्यात वाणाच्या मान्यतेएवढं, म्हणजे ४२ मिलिग्रॅम लोह नाही, ते पोषणाच्या योजनेसाठी घेऊ नका. ज्यात साठच्या वर आहे त्याला हमीभावावर क्विंटलमागे तीनशे रुपये द्या. माझी कमी भरलेली दीड पोती तेवढ्याने भरून निघत नाहीत, पण शेतकऱ्याला कळतं की कोणीतरी बघतं आहे.

एक खबरदारी सांगतो, नाहीतर सगळी मोजणी फुकट जाईल. मातीत लोह भरपूर असतं. खळ्यावरची धूळ दाण्याला चिकटली की यंत्र जास्त आकडा दाखवतं. मळणी ताडपत्रीवर किंवा पक्क्या ओट्यावर झालेली हवी आणि नमुना स्वच्छ हवा. दुसरं असं की बाजरीचं परागीभवन वाऱ्याने होतं. माझ्या धनशक्तीच्या शेजारी दुसरं वाण असेल तर घरचं बियाणं दोन-तीन सालांत भेसळतं. म्हणून सुटा शेतकरी न धरता सगळं शिवार धरा, गाव नाही तर निदान एक गट, आणि बियाणं दर तीन वर्षांनी बदलून द्या.

पीठ वाटू नका. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू होतं, हे या राज्यातल्या प्रत्येक सुनेला माहीत आहे. पाकीटबंद पीठ महिन्याने शाळेत पोचलं तर पोरं भाकरी बाजूला सारतील आणि दोष बाजरीवर येईल. धान्य द्या, आणि दर आठवड्याला दळून देण्याचं काम गावातल्या बचत गटाला द्या.

हे जमणार नाही असं कोणी म्हणालं तर ओडिशाकडे बोट दाखवा. तिथे २०१७ पासून राज्याने नाचणीसाठी मोहीम चालवली. आदिवासी शेतकऱ्यांकडून हमीभावाने नाचणी घेतली, ती रेशनवर दिली, काही जिल्ह्यांत अंगणवाडीत नाचणीचे लाडू दिले. कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाच्या बरोबरीने भरडधान्याचं नाव पहिल्यापासून लिहिलेलं आहे. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून देण्याची घोषणा झाली, तेव्हा शंभर दाण्यांमागे एक तयार केलेला दाणा मिसळण्याची यंत्रणा देशभर उभी राहिली. गिरण्या, यंत्रं, तपासण्या, सगळं. बाजरीला यातलं बरंच काही लागत नाही. तिचं लोह जमिनीतून मुळावाटे दाण्यात येतं आणि धनशक्तीसारख्या सरळ वाणाचं बियाणं एकदा घेतलं की दोन-तीन सालं चालतं.

या पत्रातल्या पाच विभागांपैकी एकानेही एकट्याने हे करून होणार नाही. कृषी विभाग बियाणं देतो आणि धान्य कुठे गेलं ते बघत नाही, कारण ते त्याचं काम नाही. पुरवठा विभाग धान्य घेतो आणि वाण विचारत नाही. शाळेचा विभाग तांदूळ शिजवतो, कारण तांदूळच येतो. कोणाचीच चूक नाही, आणि म्हणूनच गेल्या इतक्या वर्षांत धनशक्ती पेरलेल्या रानातून मुलीच्या ताटापर्यंत पोचली नाही. आपण मुख्य सचिव आहात. या पाच जणांना एका टेबलाभोवती बसवण्याचा अधिकार आपल्याकडेच आहे.

वेळेचं एवढं ध्यानात घ्यावं. बाजरी मृगाच्या पावसावर पेरतात. जूनमध्ये पेरायची तर बियाण्याची मागणी डिसेंबरात नोंदवावी लागते, आणि त्यासाठी निर्णय दिवाळीपर्यंत व्हायला हवा. तसा झाला, तर त्या पेरणीनंतरच्या भोगीला आश्रमशाळेतल्या मुलींच्या ताटात तीळ लावलेली भाकरी मोजलेल्या बाजरीची असेल.

माझ्या घरी कोठीत धनशक्तीची सव्वातीन क्विंटल बाजरी वेगळी राखलेली आहे, शेजारच्या वाणापासून लांब पेरलेली आणि ताडपत्रीवर मळलेली. आपण सांगाल त्या प्रयोगशाळेत मी स्वखर्चाने नमुना पोचवतो. आकडा चांगला आला तर ती सगळी बाजरी जवळच्या आश्रमशाळेला विनामूल्य देतो. ती स्वीकारायला मुख्याध्यापकांना वरून परवानगी लागेल. ती तेवढी द्यावी.

आपला,
पारनेर तालुक्यातला एक निवृत्त कृषी सहाय्यक आणि बाजरी उत्पादक